खोटे ऐकणारा मेंदू

मोटारीलाही मेंदू असतो, हे मला प्रथम दादाने सांगितले. दादा तंत्रनिकेतनात शिकतो. रेडिओपासून मिक्सरपर्यंत घरातले एकही यंत्र त्याने न उघडता सोडलेले नाही. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला हात लावण्याची मात्र आप्पांची सक्त मनाई होती. आणि मनाई असलेल्या वस्तूकडेच मन धावावे, हा तर मनुष्यस्वभावच आहे!

गेल्या डिसेंबरात दादाने टपालाने एक काडेपेटीएवढी डबी मागवली. ती जोडताच इंजिनाची शक्ती वाढते, असे तिच्यावर छापलेले होते. दादाने झाकण उघडले तो आत केवळ एक रोधक! तांबडा, जांभळा आणि तपकिरी असे तीन पट्टे त्यावर होते. म्हणजे 270 ओहम. दादा खूप हसला. पण रात्री आप्पा निजल्यावर त्याने ती डबी गाडीत बसवलीच. बॅटरी धरून मी शेजारी उभा होतो.

या डबीची करामत वाचकांना समजावी म्हणून थोडे विषयांतर करतो. जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्बुरेटर करी, आणि थंडीत चालकाला चोक ओढावा लागे. 1967 साली बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही पद्धत फोक्सवागेनच्या गाडीत आली आणि पेट्रोल किती सोडावे हे विजेची मंडले ठरवू लागली. आज ते काम एक लहानसा संगणक करतो. त्याला स्वतःचे डोळे नाहीत. ठिकठिकाणचे संवेदक जे सांगतील तेच त्याचे ज्ञान. इंजिनाच्या पाण्यातील संवेदक तापमान सांगतो. पाणी तापत जाते तसा त्याचा विद्युतरोध घटतो. आमच्या गाडीतील संवेदकाचा रोध 20 अंशांना सुमारे 2500 ओहम, तर 80 अंशांना सुमारे 320 ओहम असतो.

आता या 320 मध्ये आमचे 270 मिळवा. बेरीज होते 590; आणि संगणकाच्या कोष्टकात 590 ओहम म्हणजे जेमतेम 60 अंश! 'इंजिन अजून गार आहे' असे समजून तो बिचारा पेट्रोल थोडे अधिक सोडतो. शक्ती वाढवण्याची सारी विद्या ती एवढीच. आम्हांला गाडी जरा चपळ वाटली खरी. पण ती गाडीची चपळाई होती की आमच्या मनाची, हे आज सांगवत नाही.

आठ दिवस गावातल्या गावात गाडी सुरळीत चालली. मग एका रविवारी आम्ही आजीला भेटायला गोव्यास गेलो. जाताना चोर्ल्याचा घाट उतरणीचा, त्यामुळे काहीच जाणवले नाही. परतताना केरी मागे पडली आणि चढण लागली. पुढे एक भरलेला ट्रक, त्यामागे आमची गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. आप्पा तापमानाच्या काट्याकडे पाहून कौतुकाने म्हणाले, "पाहा, चढणीलासुद्धा गाडी किती थंड चालते आहे!" दादाने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

दोन वळणे झाली नाहीत तोच बॉनेटखालून वाफेचा लोट उसळला. आईच्या तोंडून किंकाळी निघाली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण हेड गॅस्केट जळाले होते आणि गाडी दोर बांधून बेळगावला आणावी लागली.

खरा अपराध घडला तो दुसऱ्या दिवशी. शेजारच्या गॅरेजचे मिस्त्रीकाका यांनी पंधरा दिवसांपूर्वीच रेडिएटरचे पाणी बदलले होते. आप्पा त्यांच्यावर कडाडले, "तुमच्या हातात गाडी दिली हीच माझी चूक!" काका मान खाली घालून उभे राहिले. वीस वर्षांत आप्पांनी त्यांना असे कधी बोलले नव्हते. दादा भिंतीकडे पाहत होता. माझ्या घशाला कोरड पडली होती, तरी कसाबसा बोललो, "आप्पा, काकांची चूक नाही. आम्ही दोघांनी केले ते."

काकांनी वायरीवरची चिकटपट्टी सोडवली, मीटर लावला आणि क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "बाळ, रेडिएटरचा पंखासुद्धा हाच संगणक चालू करतो. रोध दोनशेच्या आसपास उतरला की पंखा फिरायचा. तुमचा हा तुकडाच मुळी 270 चा. मग तो पंखा फिरणार तरी कसा?" काट्यालाही तीच खोटी बातमी मिळत होती. डबी बसवताना आम्ही पेट्रोलाचा तेवढा विचार केला. त्याच एका तारेवर आणखी कोण विसंबून आहे, हे पाहिलेच नाही.

आप्पा आम्हांला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी काकांपुढे हात जोडले. तो देखावा मला कोणत्याही शिक्षेहून कठीण गेला. दुरुस्तीच्या खर्चासाठी दादाने सुट्टीभर काकांच्याच गॅरेजमध्ये काम केले. मीही रोज सायंकाळी पाने पुसायला जात असे.

यंत्रात बदल करूच नये, असे माझे म्हणणे नाही. जाणते अभियंते संगणकाची कोष्टके बदलतात. परंतु प्रत्येक बदलानंतर मिश्रण, उष्णता आणि धूर मोजून पाहतात. आम्ही काहीच मोजले नाही. आम्ही फक्त खोटे सांगितले: आधी यंत्राला, मग गप्प राहून आप्पांना.

तो तीन पट्ट्यांचा रोधक आज माझ्या कंपासपेटीत आहे. भूमितीच्या तासाला पेटी उघडली की तो दिसतो, आणि काकांची खाली घातलेली मान आठवते.