सरळ रेषेचा मोह

सरळ रेषेवर आम्हां कारकुनांचा फार जीव. टिपणीचा समास सरळ असावा, पगारवाढ वर्षाला एकाच पायरीने यावी, ज्येष्ठतेच्या यादीत कुणी कुणाला ओलांडू नये. दिल्लीत केंद्र सरकारची कारकुनी करता करता बारा वर्षे लोटली आणि सारे जगच असे पायरीपायरीने चढत असावे, असा आमचा समज होऊन बसला. त्यातून आम्ही गणित घेऊन पदवीधर झालेले. तेव्हा समजाला शास्त्राचा आधारही मिळाला.

सातारा जिल्ह्यात आमचा उसाचा एक तुकडा आहे. एकरी किती पोती युरिया पडला आणि किती टन ऊस निघाला, हे तीर्थरूप अण्णा एका वहीत टिपून ठेवतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो असता ती वही आमच्या हाती लागली. दोन पोत्यांना २८ टन, तीन पोत्यांना ३३, चार पोत्यांना ३६. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावर आम्ही पट्टी ठेवली. पोत्यामागे चार टन! मग आठ पोती घातल्यास ५२ टन का निघू नयेत?

अण्णा एवढेच म्हणाले, "जमिनीचं बी पोट भरतं रे." परंतु मुलगा शिकलेला, त्यातून दिल्लीचा. त्यांनी आठ पोती घातली. ऊस ४१ टन निघाला. नत्राने माजून उंच वाढला तो वाऱ्यात लोळला आणि तोडणीची मजुरी तेवढी वाढली. अण्णांनी वहीत आकडा लिहिला. आम्हांला मात्र त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. आणि ते न बोलणेच आम्हांला लागून राहिले.

आम्ही राहतो इंद्रपुरीत. पलीकडेच पुसाचे कृषिसंशोधनाचे विस्तीर्ण आवार. तेथे संशोधन करणारा अकोल्याकडचा एक तरुण आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. एका रविवारी तो आपल्या गव्हाच्या प्रयोगाचे आकडे संगणकावर मांडून बसला होता. 'आर' नावाची फुकट मिळणारी प्रणाली त्याने उघडली होती. आम्ही आमची कथा सांगितली, तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "दादा, खताला पीक सरळ रेषेत उत्तर देत नाही. मिट्शरलिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्येच हे सूत्रात बसवले. पीक एका छताकडे चढत जाते. जितके छताजवळ, तितकी पुढच्या पोत्याची करामत कमी."

सरळ रेषा आकड्यांवर बसवायची तर सूत्रात आकडे घालावेत आणि उत्तर घ्यावे. वक्ररेषेचे तसे नाही. तेथे आरंभी एक अंदाज द्यावा लागतो: छत किती, वक्रता किती, जमिनीत मुळातले अन्न किती. मग यंत्र प्रत्यक्ष आकडा आणि रेषेवरचा आकडा यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज करते, आणि ती बेरीज कमी होईल अशा बेताने एकेक पाऊल टाकते. मार्क्वार्टने १९६३ मध्ये सांगितलेली रीत याच कामाची. अंदाज अगदीच भलता असला, तर यंत्र पहिल्याच पावलाला अडून बसते, किंवा भलत्याच दरीत उतरून तेथेच समाधान मानते. आम्ही मोठ्या उमेदीने छत १००० टन लिहिले. यंत्राने साफ नकार दिला. "अंदाज शेत पाहून द्यावा लागतो," तो तरुण म्हणाला.

४५ टन लिहिताच रेषा अशी काही बसली की आम्ही थक्क झालो. छत ४२ टनांचे. चारही आकडे जणू रेषेवर ओवलेले. आम्ही आनंदलो. तो मात्र साशंक. चार आकडे आणि तीन अज्ञात. अशा ठिकाणी रेषा सुंदर बसली, यात नवल ते काय? त्याने कपाटातून एक जुने पुस्तक काढले: पानसे आणि सुखात्मे यांचे, शेतीप्रयोगांच्या संख्याशास्त्रावरचे, १९५४ साली प्रथम निघालेले. त्यांतले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, हे वाचून ऊर भरून आला. आणि लगेच खालीही बसला. कारण एकच मात्रा अनेक वाफ्यांना द्यावी, कोणत्या वाफ्याला कोणती हे चिठ्ठी टाकून ठरवावे, हा त्या पुस्तकातला पहिला धडा. आमची वही म्हणजे एकच शेत आणि निरनिराळी साले. "प्रत्येक सालचा ऊस लागणीचा होता की खोडव्याचा?" त्याने विचारले.

ते आम्हांला ठाऊक नव्हते. रात्री अण्णांना फोन लावला.

"आरं, दोन पोत्यांचं साल खोडव्याचं," अण्णा म्हणाले. "बाकीची लागण."

म्हणजे आम्ही ज्या आकड्यावर पट्टीचे टोक टेकवले, तोच मुळी वेगळ्या जातीचा. खोडव्याचा उतारा लागणीहून बहुधा कमीच. २८ चे ३६ झाले त्यात युरियाचे किती आणि लागणीचे किती, कोण सांगणार? सरळ रेषा खोटी होतीच. ती डौलदार वक्ररेषाही त्याच पायावर उभी होती.

"अण्णा, चूक आमची झाली," आम्ही कसेबसे म्हणालो. "पण तुम्ही तेव्हाच हे का नाही सांगितलंत?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "तू इचारलंस कुठं?"

आता अण्णांच्या वहीत एक नवा रकाना आहे: लागण की खोडवा. तो आम्हीच आखून दिला. रेघा मारताना तेवढी पट्टी वापरली.