आजोबांची खरी नक्कल

मला एक आजोबा होते, ह्याबद्दल वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कधी शंका आली नव्हती. त्यांच्या खांद्यावर बसून मी सावलीचा बाजार पाहिलेला आहे, त्यांच्या चंचीतली सुपारी चोरून खाल्लेली आहे आणि त्याबद्दल त्यांच्याच हातचा प्रसादही घेतलेला आहे. पण हे सगळे पुरावे पडले तोंडी. कागदोपत्री मी बिनआजोबांचा माणूस होतो.

हे उघडकीला आलं ते कन्येमुळे. ती बारावी झाली आणि पुढच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागेल असं समजलं. आम्ही कुणबी. ही गोष्ट आमच्या गावातल्या बैलांनाही ठाऊक आहे. पण बैलाची साक्ष चालत नाही. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 ही तारीख ठरलेली. तिच्या आधीच्या एखाद्या कागदावर बापाकडच्या घराण्यातल्या कुणाची तरी जात लिहिलेली दाखवायची. माझा जन्म 1980 चा, म्हणजे ह्या कामी मी बाद. वडील 1952 चे, पण त्यांच्या शाळेतल्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात ‘हिंदू’ असं लिहून हात झटकले होते. राहता राहिले आजोबा. ते शाळेच्या वाटेला गेलेच नव्हते.

खरं म्हणजे तक्रार करायला मला तोंड नाही. गेली बावीस वर्षं मी बँकेच्या काऊंटरवर बसून लोकांकडे पुरावे मागतो आहे. एखादा म्हातारा काठी टेकत येतो, मी म्हणतो, “तुम्ही तुम्हीच आहात हे कशावरून?” तो म्हणतो, “आता साहेब, मी मीच आहो ना!” हे उत्तर मला तत्त्वज्ञान म्हणून मान्य असतं, केवायसी म्हणून नसतं. त्या सगळ्या म्हाताऱ्यांचे शाप एकत्र होऊन माझ्या घरी आले, एवढंच.

आजोबांची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली उतरवली. कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे मी आधी यादी केली. मालगुजाराला लगान भरल्याच्या पावत्या, पाच. कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, एक. तीत वराचं नाव वाळवीनं खाल्लेलं, वधूचं शाबूत. सावलीच्या खादी केंद्रात आजीनं सुताच्या गुंड्या दिल्याची चिठ्ठी, एक. आणि बैलजोडीसाठी घेतलेली तगाई थकल्याची नोटीस, एक. हा आमच्या घराण्याचा सर्वांत जुना सरकारी कागद! मी बँकेत वसुलीच्या नोटिसा लिहितो. माझा पूर्वज एनपीए होता हे वाचून मला घटकाभर कळेना, की नमस्कार करावा की स्मरणपत्र पाठवावं.

नागपूरच्या काकांना हे पटलं नाही. त्यांच्या मते आमचे मूळ पुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर आले. 1751 साली चांद्याचं गोंड राज्य भोसल्यांकडे गेलं, तेव्हा म्हणे ते घोड्यावर होते. मी पेटी पुन्हा तळापर्यंत पाहिली. बैल सापडले, तेही थकबाकीत. घोडा कुठेच नव्हता.

शोधाला लागल्यावर पहिली अडचण आली ती भूगोलाची. आजोबा जन्मले मध्य प्रांतात. वडील त्याच घरात, त्याच खोलीत जन्मले, पण मध्य प्रदेशात. धाकटे काका 1958 साली मुंबई राज्यात आले, कारण 1956 साली आम्हाला तिकडे जोडलं होतं. मी महाराष्ट्रात. घराण्यातल्या कुणीही उंबरठा न ओलांडता आम्ही चार राज्यं पाहिली. चांद्याचं चंद्रपूर झालं. 1982 साली गडचिरोली वेगळी झाली आणि वैनगंगेपलीकडे राहणारा माझा मामा झोपेतच परजिल्ह्यात गेला. मालगुजारी 1951 साली संपली, तलाव राहिले. सरकारी भाषेत ते ‘माजी मालगुजारी’, म्हणून थोडक्यात ‘मामा तलाव’. त्यामुळे आमच्याकडे पोहायला निघालेलं प्रत्येक पोरगं मामाकडेच जातं. सांगायचा मुद्दा, नात्यागोत्याचा घोळ आमच्या भागात पाण्यापर्यंत गेलेला आहे.

आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा स्कॉटलंडात शिकतो. माझी धावपळ ऐकून त्यानं फोनवर सांगितलं, की तिथे कॅनडा-ऑस्ट्रेलियातून लोक विमानाचं भाडं भरून पूर्वज शोधायला येतात. 1855 पासून तिथे जन्म, लग्न, मृत्यू सगळं सरकारी वहीत आहे, त्याआधीचं चर्चच्या वह्यांत. एडिंबरोला एका जागी बसून पाहता येतं. आणि हे सगळं हौसेनं! ना प्रवेश, ना नोकरी, ना निवडणूक. आपल्याकडे पूर्वजांची आठवण पितृपक्षात निघते. त्यातही भटजी तीन पिढ्यांची नावं विचारतात आणि तिसऱ्या नावाला आपण खीर उतू जातेय का ते पाहायला आत जातो.

स्कॉटलंडचाच एक पाद्री, स्टीफन हिस्लॉप, 1845 साली नागपुरात आला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. गोंडांचं मूळ कूळ परधानांच्या तोंडी असतं, गाण्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. एका परधानाकडून ऐकलेली लिंगोची कथा हिस्लॉपनं उतरवून ठेवली. 1863 साली टाकळघाटहून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडाला. त्याचे कागद मात्र राहिले आणि 1866 मध्ये रिचर्ड टेंपलनं ते छापले. बुडालेल्या माणसाचे कागद तरले, आणि आमचे आजोबा जन्मभर कोरडे राहिले तरी कागद गेले! परधानाचं बरं असतं; गाण्याला वाळवी लागत नाही.

शेवटी एका निवृत्त तलाठ्यानं उपाय सांगितला. “कोतवाल बुक पाहा.” पूर्वी गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल ठाण्यात कळवायचा आणि त्याची वही व्हायची. मी अर्ज केला. ह्या अर्जात ‘खरी नक्कल मिळावी’ असं लिहावं लागतं. खरी असेल तर ती नक्कल कशी आणि नक्कल असेल तर ती खरी कशी, हे मी विचारलं नाही. गरजवंताला व्याकरण नसतं.

लाल फडक्यातला बस्ता सुटला. 2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांचा भाव सोन्याच्या वर गेलेला. आमची वही सुदैवानं बाळबोध निघाली. मी आणि कन्या समोरासमोर बसून पानं उलटू लागलो. आजोबा 1920 चे, एवढं ठाऊक होतं. पणजोबांच्या नावापुढे कुठे ‘जी’ लागलेला, कुठे ‘बा’, तर कुठे नुसता ‘या’. लिहिणाऱ्याचा त्या दिवशीचा स्वभाव पाहून माणसाची इज्जत ठरत असावी. 1920 च्या पानावर पणजोबा सापडले. “मुलगा झाला.” मुलाला नाव नाही. जातीच्या रकान्यात ‘कु.’

“बाबा,” कन्या म्हणाली, “हे कुणबी की कुमारी?”

“मुलगा झाला म्हणतात. कुमारी कसं असेल?”

“मग कुंभार?”

मी गप्प. ‘कु.’ वर अख्खं पान भागवलेलं होतं. शाईची काटकसर करणाऱ्या त्या अज्ञात माणसाला मी मनात चार शब्द पूर्ण अक्षरांत ऐकवले. मग तिथल्याच एका कारकुनानं सुचवलं, “मागे जाऊन मृत्यूची पानं पाहा. घरात कोणी ना कोणी मेलंच असेल.” बोलण्यात वाईट हेतू नव्हता. आमच्या बँकेतही आम्ही असंच बोलतो.

1918 च्या ऑक्टोबरपाशी पानं दाट झाली. एरवी एका पानावर महिनाभराची माणसं मावत होती, इथे आठवडाही मावेना. मरणाच्या कारणात ताप, ताप, ताप. वर तेच ते चिन्ह काढून खालपर्यंत रेघ ओढलेली. मानमोडीची साथ म्हणतात ती हीच. कन्येनं बोट ठेवलं. पणजोबांचं नाव, पुरतं, ‘जी’ लावून. मयत : मुलगी, वय दोन वर्षं. कारण : ताप. आणि जात : कुणबी. काना, मात्रा, वेलांटीसकट पूर्ण अक्षरांत. सगळ्या वहीत ‘कु.’ लिहून भागवणाऱ्यानं त्या एका ओळीत का कोण जाणे, हात आखडता घेतला नव्हता. फक्त मुलीचं नाव लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी आत्याकडे गेलो. ती ब्याऐंशी वर्षांची. घराण्याचा चालता-बोलता लेजर. “तुझा आजा त पहिलाच लेकरू, बापा. त्याच्या आंधी कोनी नव्हतं,” ती ठामपणे म्हणाली. मी नक्कल वाचून दाखवली. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “असन. आमची बुडी कोजागिरीले दूध नाही पे. इचारलं त म्हने, पोट दुखते.”

आजोबांना हे माहीत होतं का? 1936 साली गांधी सेवा संघाची सभा सावलीत भरली, तेव्हा आपण गांधीजींना किती हातांवरून पाहिलं हे ते दर वर्षी एक हात कमी करून सांगायचे. पण आपल्याआधी घरात एक बहीण होती, हे कधी बोलले नाहीत. बहुधा त्यांनाही कुणी सांगितलं नसावं.

अर्जाबरोबर वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं होतं. वर पणजोबा, खाली आजोबा, मग वडील, मी, कन्या. सरळ एक रेघ. लिहून देणाऱ्यानं सफाईनं काढली. कन्येनं पेन घेतलं आणि पणजोबांखाली, आजोबांच्या डाव्या अंगाला, आणखी एक फाटा काढला.

“ती कशाला?” लिहिणारा म्हणाला. “तिची जरुरी नाही.”

“पुरावा तिचाच जोडलाय,” कन्या म्हणाली.

तो माझ्याकडे पाहायला लागला, मी छताकडे. “नाव काय घालू?” नाव कुठून आणणार? शेवटी कोतवालासारखंच त्यानं लिहिलं, ‘मुलगी’.

प्रमाणपत्र मिळालं. प्रवेशही झाला. बँकेत दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर ठेव बेवारशी ठरते आणि रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. इथे शंभरावर वर्षं होऊन गेली होती, खात्याला नाव नव्हतं, वारस म्हणून कुणी आलं नव्हतं. तरीही आम्ही गेलो तर रक्कम जशीच्या तशी मिळाली. ह्या कोजागिरीला कन्येनं घरात दुधाचा एक पेला जास्तीचा ओतला. कुणासाठी, असं बायकोनं विचारलं नाही. मी मात्र सवयीनं मोजून पाहिलं. माणसं चार होती, पेले पाच. हिशेब जुळत नव्हता, तरी मी तसाच सही करून सोडून दिला.