दगडी गुलाब

एचेव्हेरियाला आई 'दगडी गुलाब' म्हणते. वर्णन अचूक आहे. चार इंची कुंडीत जाड, निळसर करड्या पानांचं एकात एक बसलेलं फूल, त्यावर पांढरट मेणाची भुकटी. बोट लागलं की ठसा उठतो आणि त्या पानावर तो सहसा भरून येत नाही. म्हणून घरात नियम आहे : बघायचं, हात लावायचा नाही.

खरा प्रश्न पाण्याचा. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालते आणि तांब्यात उरलेलं बाकीच्या कुंड्यांना वाटून टाकते. कुणी कोरडं राहिलेलं तिला बघवत नाही. बाबा गेल्यापासून तर जास्तच. आग्रह करून वाढायला आता मी एकटीच उरलेय. अशा बाईला 'हिला पंधरा दिवस काही देऊ नकोस' हे सांगायचं कसं?

मी मेक्सिकोपासून सुरुवात केली. तिथल्या डोंगरांत ही खडकांच्या फटींत वाढते. मिळालेलं पाणी पानांत साठवून पुरवून वापरते. पानांची छिद्रं दिवसा मिटलेली ठेवते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते, म्हणजे ओल कमी उडते. १८२८मध्ये तिला नाव मिळालं ते आतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकन चित्रकारावरून. तो वनस्पतींची चित्रं काढायचा. आईने हे सगळं 'बरं' म्हणून ऐकून घेतलं.

पटलं ते पानफुटीमुळे. तीही याच कुळातली. शाळेत वहीत ठेवलेल्या पानाला कडेने पिल्लं फुटायची, तेही पाण्याशिवाय, हे आईला लख्ख आठवतं. "अगं, मग ही तिची बहीणच की!"

आता कुंडीत निम्मी जाड वाळू आणि विटेचा चुरा असतो. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात; उजेड कमी पडला की फूल विस्कटून नुसतं उंच होत जातं. खालचं पान सुरकुतलं तर तहान, पिवळं पडून पाण्याच्या फुग्यासारखं झालं तर पाणी जास्त झालंय. आई मात्र कुंडी उचलूनच सांगते. दुधाची पिशवी हातात घेऊन माप ओळखणारी बाई ती.

मागच्या महिन्यात एक पान गळलं. तिने ते वाटीतल्या कोरड्या मातीवर ठेवलं. आता त्याला गुलाबी मुळं आणि नखाएवढं फूल आलंय. काल मी स्प्रेची बाटली घेऊन गेले, तर तिने माझा हात धरला.

"थांब जरा. जुनं पान अजून भरलेलं आहे. त्यातलंच पितंय ते."