पंखातली पिपाणी

सेसना 172 च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. उड्डाणाआधी त्यावर स्वच्छ रुमाल धरायचा, तोंड लावायचं आणि हवा ओढायची. आतून जत्रेतल्या पिपाणीसारखा रडका आवाज आला की तपासणी झाली. विमान उंच पंखांचं आणि माझी उंची बेताची, त्यामुळे मला हे काम स्टुलावर चढूनच करावं लागे. हँगरमधला मेकॅनिक रोज न चुकता विचारायचा, "काय कॅप्टन, दूध आलं का?"

ही पिपाणी स्टॉलची सूचना देते. स्टॉल हा शब्द मात्र आमच्या घरी पहिल्या दिवसापासून घोळाचा ठरला. मी फोनवर बाबांना म्हटलं, "आज स्टॉल शिकवणार आहेत." ते म्हणाले, "भज्यांचा?" आमच्या धारणीच्या आठवडी बाजारात स्टॉलला दुसरा अर्थ नाही. मग मी शहाणपणा करून समजावलं, की विमान हवेत बंद पडतं त्याला स्टॉल म्हणतात. झालं! आईनं त्या रात्री जेवणाला हात लावला नाही. मोटारसायकल घाटात बंद पडते तसं विमान बंद पडणार, आणि आपला मुलगा पैसे भरून ते शिकणार. इंजिनाचा स्टॉलशी थेट संबंधच नाही, इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही पंख स्टॉल होतो, हे सांगायला पुन्हा फोन करावा लागला. ते कुणाला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही पुरतं पटलेलं नव्हतं.

धारणीच्या पोराला विमान माहीत असतं ते मेळघाटच्या डोक्यावरून जाणाऱ्या पांढऱ्या रेघेपुरतं. अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास, तेही सेमाडोहच्या वळणांनी. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं प्रवासी विमान उडू लागलं 16 एप्रिल 2025 ला. मी शिकायला गेलो ते त्याच्या कितीतरी आधी, विदर्भातल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये. कमर्शियल पायलटच्या परवान्याला 200 तास लागतात. त्यातले सुरुवातीचे काही तास हात घामेजून कंट्रोलवरून घसरायचे.

पहिला स्टॉल आम्ही चार हजार फुटांवर केला. आधी खाली-वर-आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहायला दोन वळणं. मग शिकवणाऱ्या सरांनी थ्रॉटल मागे घेतला आणि म्हणाले, "उंची सोडायची नाही." उंची धरायची म्हणजे कंट्रोल हळूहळू पोटाकडे ओढत राहायचा. नाक वर चाललं. वाऱ्याचा आवाज कमी होत गेला, इतका की सरांचं घड्याळ ऐकू येईल असं वाटलं. कंट्रोल ढिला पडला, बादलीतल्या पाण्यात हात फिरवावा तसा. मग पिपाणी. मग सीटखालून एक थरथर, आणि नाक खाली पडलं. त्याबरोबर डावा पंखही पडला.

मी दोन चुका एकदम केल्या. जमीन समोर आली म्हणून कंट्रोल आणखी ओढला, आणि डावीकडे पडतोय म्हणून तो उजवीकडे फिरवला. डावा पंख सावरायचा सोडून आणखी खाली गेला आणि खालची शेतं गरगरायला लागली. "आय हॅव कंट्रोल." सरांनी ओढ सोडली, पायानं उजवा रडर दिला, थ्रॉटल पुढे केला आणि दोन-तीन सेकंदांत विमान असं सरळ केलं, जणू काही झालंच नाही.

सर हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. खाली आल्यावर एकच प्रश्न.

"विमान स्टॉल कशानं झालं?"

"स्पीड कमी झाला म्हणून, सर."

"नाही."

फळ्यावर त्यांनी पंखाचा छेद काढला. पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेघ. समोरून येणाऱ्या हवेचा बाण. दोघांतला कोन म्हणजे अँगल ऑफ अटॅक. कोन वाढवत नेला की उचल वाढते. साधारण 15-16 अंशांपुढे हवेला पंखाच्या वरच्या पाठीला धरून राहता येत नाही, ती सुटते, आणि उचल ढासळते. वेग काहीही असो. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळाले. पुढच्या वेळी विमानात बसलो आणि पुन्हा वेगाच्या काट्याकडेच बघत राहिलो. माझ्या डोक्यात कोन म्हणजे नाक आभाळाकडे किती, एवढंच होतं. नाक वर तर धोका, नाक खाली तर सुटलो.

दिवाळीत घरी गेलो. मामाची शेती हरिसालच्या अलीकडे. त्याला फडताळाला दार करायचं होतं, म्हणून आम्ही धारणीतून चार बाय तीनचा पातळ प्लाय घेतला. मामानं मोटारसायकल काढली, मी मागे. प्लाय डोक्यावर आडवा, दोन्ही हातांनी कडा पकडलेल्या. आमच्याकडे या दृश्याला कुणी वळूनही बघत नाही.

सपाट रस्त्यावर गाडीनं चाळीस गाठली. प्लायची पुढची कड बोटभर उचलली गेली आणि डोक्यावरचं वजन एकदम गेलं. मला गंमत वाटली. आणखी थोडी उचलली, तर तो माझे हात वर ओढायला लागला, खांदे ताणले. मग हावरटपणा केला. आणखी उचलली. वरची ओढ ढिली पडली, प्लाय फडफडला आणि मला मागे ढकलू लागला.

"काय करून रायला बे मांगं? गाडी डुलते ना!"

"काही नाही मामा, अभ्यास."

"अभ्यास घरी कर. घट धर, नाही तं मान जाईन कोनाची."

पण खरी गोष्ट चढावर झाली. गाडी चढाला लागली, तिच्याबरोबर प्लायचं तोंडही आभाळाकडे वळलं. माझ्या हिशोबानं आता ओढ वाढायला हवी होती. प्लाय मात्र गपगुमान डोक्यावर पडून. हवा रस्त्याच्याच रेषेत समोरून येत होती आणि प्लाय त्याच रेषेत होता, मग ओढ कुठून येणार? पुढे उतार. प्लायचं तोंड खाली, सागाच्या झाडांच्या बुंध्यांकडे. पण कड रस्त्याच्या रेषेपेक्षा जराशी उचलली की तो पुन्हा उडायला तयार. नाक खाली असूनही! आभाळ कुठे आहे हे प्लायला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त येणारी वाट ठाऊक होती.

सपाट प्लाय आणि पंख यांत फरक आहे, हे मान्य. पंखाच्या पाठीवर हवा सुबक चिकटून राहते आणि मग सुटते. प्लाय आधीपासूनच कुरकुरतो. पण मला जे कळत नव्हतं ते त्यानं दाखवलं. मामाला तीनदा पुन्हा चढ-उतार करायला लावणार होतो, पण तो पेट्रोलचा भाव काढील म्हणून गप्प बसलो.

त्या रात्री मी एअर फ्रान्स 447 बद्दल पुन्हा वाचलं. 1 जून 2009, रिओहून पॅरिसला जाणारं एअरबस ए-330. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, काटे खोटं बोलू लागले, वैमानिकानं कंट्रोल मागे ओढून धरला. जवळजवळ 38 हजार फुटांवरून विमान स्टॉल अवस्थेत समुद्रापर्यंत आलं, 228 माणसं गेली. बहुतेक वेळ नाक वरच होतं, पाण्यावर आदळताना सुमारे 16 अंश. पूर्वी हे वाचताना मला गोंधळायला व्हायचं, की नाक एवढंसंच वर तर पंखाचा कोन 35 अंशांच्या वर कसा? आता मामाच्या गाडीवर बसून बघितलं. विमान खाली कोसळत होतं म्हणून त्याची वाट खाली होती, म्हणून हवा खालून येत होती. ओढत राहणं म्हणजे तो कोन तसाच धरून ठेवणं.

ओढायची सवय आपल्याला फार जुनी आहे. आजोबांच्या बंडीवर बसलं की पहिलं शिकवतात, बैल उधळले की कासरा ओढ. स्टॉलमध्ये तोच हात सैल सोडायचा असतो, तेही जमीन समोर दिसत असताना. आणि कंट्रोल उजवीकडे फिरवण्याची माझी दुसरी चूक? त्यानं डाव्या पंखाची मागची झडप खाली येते, म्हणजे तिथला कोन वाढतो. जो पंख आधीच जास्त कोनामुळे पडलाय त्याला मी आणखी कोन देत होतो.

सुट्टीनंतर स्टॉल जमले. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. शंभर-दीडशे फूट उंची जायची, सावरायचो, पुन्हा. सांगण्यासारखं घडलं ते वेगळ्याच दिवशी, स्टॉल शिकत नसताना.

45 अंशांची वळणं चालू होती. सरळ उड्डाणात, फ्लॅप वर असताना, आमचं विमान सुमारे 48 नॉटला स्टॉल होतं. वेगाच्या तबकडीवर हिरवा पट्टा तिथूनच सुरू होतो. वळणात पंखाला जास्त भार पेलावा लागतो, म्हणून 45 अंशांना तोच आकडा 57 होतो, 60 अंशांना 68. हे पाठ होतंच. वळणात उंची सुटत होती म्हणून मी ओढलं, जरा जास्तच ओढलं, आणि पिपाणी वाजली.

ती पिपाणी वेग मोजत नाही. कोन वाढला की पंखाच्या कडेवर जिथे हवा दुभंगते ती जागा भोकाच्या खाली सरकते, भोकावर ओढ निर्माण होते आणि आतली पट्टी वाजते. मी रोज सकाळी तोंडानं करायचो तेच. अख्ख्या कॉकपिटात कोनाची बातमी देणारं तेवढं एकच होतं, आणि मी त्याला आजवर कमी वेगाचा भोंगा समजत होतो.

हात सैल झाला, आवाज थांबला. मग मी काट्याकडे पाहिलं. 64, हिरव्या पट्ट्यात बराच आत.

सर खिडकीबाहेर बघत होते.

"वाजली ना?"

"हो सर."

"काट्यानं काही सांगितलं होतं?"

"नाही सर."

"बरं. आता उजवीकडून."