चाळीस मिनिटं

लेकीने अमेरिकेहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलंय. रोज रात्री ते माझा निकाल लावतं. ४,३००, ४,६००... दहा हजार काही होत नाहीत. आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, आता सत्तरीनंतर मनगटावरचं यंत्र मला रोज नापास करतंय! लेक म्हणते, "आई, रोज थोडं थोडं वाढव ना."

पण वाढवू कुठून? ह्यांना पार्किन्सन आहे. (नातेवाईकांना माहीत आहेच, बाकीच्या वाचकांसाठी सांगितलं.) सगळा दिवस गोळ्यांच्या वेळांना बांधलेला. संध्याकाळी समोरच्या वहिनी ह्यांच्यापाशी येऊन बसतात, तेवढी चाळीस मिनिटं माझी.

ह्या दहा हजारांचं मूळ शोधलं तर गंमतच निघाली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. विकायला सोयीचा गोल आकडा! पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ १७ हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२, म्हणजे माझ्याच पंगतीतल्या. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक दिसला नाही. अर्थात ज्यांची तब्येत बरी त्याच जास्त चालतात, हेही त्यात असणारच. लेकीला हे सगळं लिहून पाठवलंय.

मला खरी काळजी पडण्याची आहे. मी पडले तर ह्यांना उठवणार कोण? म्हणून दूध तापेपर्यंत ओट्याला हात लावून एका पायावर उभी राहते, मग दुसऱ्या. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठते. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये सांगितलंय.

ह्यांच्या आजारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि तेही नेमके दारात. हॉलमध्ये छान चालतात, उंबऱ्याशी आले की थांबले. तिथे ओढायचं नाही, ढकलायचं नाही. ताल दिला की पाय सुटतो. फिजिओथेरपिस्टने हे सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. शाळेत इतकी वर्षं कवायत घेतली ती अशी कामाला यायची होती! "डावा... उजवा... डावा..." आमच्याकडे रोज बाथरूमच्या दारात संचलन असतं. पण माझ्या आवाजात जरा घाई आली की ह्यांचे पाय आणखी घट्ट बसतात. आवाज शांत हवा. आणि ज्या दिवशी माझी फेरी होते त्या दिवशी तो शांत असतो, हा रोजचा अनुभव आहे.

म्हणून "जाताजाता भाजी आण, बँकेत डोकाव" हे मी ऐकत नाही. पिशवी बरोबर नेतच नाही. पहिली दहा मिनिटं कान घरीच असतात, फोन वाजला का, वहिनींनी हाक मारली का... मग तळजाईकडची झाडं लागतात आणि कुठेतरी मधेच लक्षात येतं की आपले आवळलेले खांदे खाली आलेत.

असो. वहिनी मे महिन्यात मुलाकडे बंगळूरला जाताहेत, पूर्ण महिनाभर. पुण्यातल्या भाचरांनो, वाचत असाल तर आपसात वार वाटून घ्या. सहा ते पावणेसात. मामांना पेपर वाचून दाखवायचा आणि ते उठलेच तर दारात डावा-उजवा म्हणायचं, घाई न करता. चहा थर्मासमध्ये करून ठेवीन.