दोहदाचं झाड

पाहुणे चित्रकार येणार असले की आमच्या कॉलेजात आदल्या संध्याकाळपासून गडबड सुरू व्हायची. मोठ्या वर्गातले डाँकी, म्हणजे चित्र काढायला बसायचे बाक, भिंतीला लावायचे, फरशीवरचे रंगाचे डाग रॉकेलने पुसायचे, शाल-श्रीफळ आणायला कुणाला तरी कापडबाजारात पिटाळायचं. २००९ साली मी नगरच्या एका कला महाविद्यालयात एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करत होते. पारनेर तालुक्यातल्या गावाहून रोज एसटीने यायचे. घरी चित्रकलेचं पुस्तक एकही नव्हतं. चित्र म्हणजे काय हे मला कळलं ते महावीर कलादालनात, प्रमोद कांबळे यांनी पेन्सिलने रेखाटलेली ती अवाढव्य भिंत बघून. ७० फूट बाय २० फूट, आणि त्यात सुमारे ५०० थोर भारतीयांचे चेहरे. नववीत शाळेबरोबर गेले होते, मान दुखेपर्यंत उभी राहिले आणि घरी येऊन सांगितलं की मला हेच शिकायचंय.

पाहुण्यांकडून आम्हा सगळ्यांना हवा असायचा तो डेमो. आमचे शिपाईमामा खुर्चीत बसायचे, पाहुणे इझलवर कागद लावायचे आणि दीड-दोन तासांत मामा कागदावर उतरायचे. आम्ही जमिनीवर दाटीवाटीने बसून त्यांचा हात बघायचो. पहिला वॉश कुठे टाकला, नाकाच्या कडेचा टोन कसा सोडला, कुठला ब्रश कधी धुतला, सगळं वहीत. डेमोतून मी पुष्कळ शिकले, आजही पाण्याचा अंदाज चुकला की त्यातलाच एखादा हात डोळ्यांसमोर येतो.

त्या डिसेंबरात मुंबईहून एक चित्रकार बाई आल्या. वयाने साठीच्या, सुती साडी, खांद्याला शबनम. आमच्या सरांनी विनंती केली, "मॅडम, मुलांना एक पोर्ट्रेट करून दाखवा." त्या म्हणाल्या, "पोर्ट्रेट पुढच्या वेळी. आज मी यांना यांच्या गावची चित्रं दाखवणार आहे."

आमच्या गावची चित्रं? आम्ही एकमेकींकडे बघितलं. नगरमध्ये आम्ही आउटडोअर लँडस्केप करायचो ते किल्ल्याच्या खंदकापाशी, फराहबागेत, नाहीतर पाथर्डी रस्त्याला डोंगरावर, चांदबिबीच्या महालाशी. तो महाल चांदबिबीचा नाही, ती निजामशाहीतला वजीर सलाबतखानाची कबर आहे, हे तोपर्यंत आम्हाला ठाऊक झालं होतं. पण चित्रं? आमच्या कलेतिहासाच्या नोट्समध्ये अजिंठा होता, मुघल, राजपूत, पहाडी होतं. दख्खनी शैली एका परिच्छेदात उरकलेली, आणि त्यात नगर हे नाव मला आठवत नव्हतं.

खिडक्यांना चादरी लावल्या, प्रोजेक्टर सुरू झाला. पहिल्या स्लाइडखाली त्यांनी नाव वाचलं: 'तारीफ-ए-हुसेनशाही'. आफताबी नावाच्या कवीने फारसीत रचलेलं काव्य, हुसेन निजामशहाच्या स्तुतीचं. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पराभव झाला, त्या लढाईत हा राजा होता आणि त्याच वर्षी तो वारला. पोथी त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली. तिच्यात १२ चित्रं उरली आहेत आणि ती पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहेत. दख्खनच्या चित्रकलेतल्या आज माहीत असलेल्या सर्वांत जुन्या पोथ्यांत तिचं नाव घेतात, आणि ती नगरच्या दरबाराची.

तिसरी स्लाइड आली आणि वीज गेली. तेव्हा भारनियमन होतं, कुणाला आश्चर्य वाटलं नाही. बाईंनी शबनममधून छापील रंगीत पानं काढली, आम्ही खिडकीची चादर ओढून टाकली आणि पानं हातोहात फिरू लागली. माझ्या मते व्याख्यान खरं तिथे सुरू झालं. पडद्यावरचं चित्र लांब असतं. हे गुडघ्यावर ठेवून बघता आलं.

माझ्या हातात आलं त्या पानावर एक झाड होतं आणि त्याच्याशी एक स्त्री. उंच, सडपातळ, अंगात चोळी, लांब वेणीला गोंडा. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'दोहद'. सुंदर स्त्रीच्या स्पर्शाने झाडाला फुलं येतात, हा आपल्याकडचा फार जुना संकेत. मग विचारलं, "या शब्दावरून तुम्हाला घरातला कुठला शब्द आठवतो?" कुणी बोलेना. मागून कोपरगावची एक मुलगी हळूच म्हणाली, "डोहाळे?" बाई हसल्या. त्या म्हणाल्या, "तोच. फारसी पोथी, मुसलमान राजा, आणि चित्रात तुमच्या आईच्या डोहाळजेवणाचा शब्द."

पुढचं पान त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं. दरबार, सिंहासनावर राजा, आणि त्याच्या जवळ एक डाग. राणीची आकृती होती तिथे ती पुसून टाकलेली. राणी म्हणजे खुंजा हुमायून, चांदबिबीची आई. नवरा गेल्यावर मुलगा मुर्तझा लहान होता तोवर राज्याचा कारभार तिने पाहिला. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकलं. त्यानंतर केव्हातरी चित्रांतून तिला पुसलं असावं, असं अभ्यासक मानतात. झाडाशी उभी असलेली ती स्त्री मात्र तशीच राहिली.

वर्गात शांतता होती. माझ्या मनात एकच चाललं होतं: ज्या चितेऱ्याने ती राणी काढली, तो इथेच कुठेतरी राहत होता. भुईकोट किल्ल्याच्या आसपास, याच उन्हात, याच धुळीत त्याने रंग खलले. त्याचं नाव पोथीत नाही. मी चार महिने त्याच खंदकावर बसून लँडस्केप करत होते आणि मला वाटायचं की चित्र शिकायचं तर मुंबईला नाहीतर बडोद्याला जायला हवं.

वीज आली तेव्हा पुन्हा पडदा लावायचं कुणालाच सुचलं नाही. आभारप्रदर्शन झालं, शाल झाली. निघताना बाईंनी झाडाचं ते पान मला दिलं, कारण मी ते परत करायला विसरले होते.

आता मी एका हायस्कूलला चित्रकला शिकवते. एलिमेंटरी-इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांच्या मुलांना ते पान दाखवते. कडा चुरगळल्यात, म्हणून प्लॅस्टिकमध्ये घातलंय. 'डोहाळे' हा शब्द दरवर्षी कुणीतरी मुलगीच ओळखते. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, आणि तरीही आमच्या शाळांतल्या बहुतेक मुलांनी या पोथीबद्दल ऐकलेलं नसतं.

जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कला महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. डेमो ठेवाच, मुलांना त्याची गरज असते. पण पाहुण्यांना निमंत्रणाचं पत्र लिहाल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा: येताना आमच्या जिल्ह्याचं एक तरी चित्र घेऊन या, आणि ते मुलांच्या हातात द्या.