दोन फुटांची भिंत

अब्बांचं सोलापूरचं घर विकायचं ठरलं, तेव्हा मी सर्वांत आधी एक काम केलं. न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीची भिंत रंगवून घेतली. मजुरीसकट 2,200 रुपये लागले. त्या भिंतीला लोणा लागलेला होता. अब्बा हयात असतानाही पावसाळ्यात तिथे पोपडे सुटायचे. रंग दिल्यावर भिंत नव्यासारखी दिसू लागली आणि मीही ती गोष्ट विसरून गेलो, किंवा विसरल्यासारखं केलं.

घेणारे गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं, वागणं सभ्य. 38 लाखांवर व्यवहार ठरला, एक लाख विसार दिला. मात्र पक्कं करण्याआधी माझा इंजिनिअर एकदा घर बघेल, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, अवश्य.

इंजिनिअर म्हणजे जेमतेम तिशीतला पोरगा. त्याने बोटांच्या पेरांनी भिंती वाजवून पाहिल्या. नव्या रंगाच्या भिंतीपाशी आवाज पोकळ आला. "सर, एवढाच रंग नवा दिसतोय," एवढंच तो म्हणाला. मी काहीच बोललो नाही. मग त्याने लेझरच्या यंत्राने जागा मोजली. मिळकत पत्रिकेवर 89.2 चौरस मीटर, म्हणजे 960 चौरस फूट. जागेवर भरली 82.6. एकाहत्तर फूट कमी.

दोन दिवसांनी निरोप आला. जागेचे 2 लाख 80 हजार आणि भिंतीचे 2 लाख 20 हजार, मिळून पाच लाख कमी करा. नाहीतर ती जागा मोकळी करून द्या, तेवढे पैसे पूर्ण देऊ.

मला राग आला. ठरलेला सौदा मोडणारा माणूस, असं मी मनात म्हणत राहिलो. जागा कुठे गेली हे मला ठाऊक होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सोलापुरातही घरं हादरली. मी तेव्हा शाळेत होतो. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो आणि शेजारच्या अप्पांच्या घराची आमच्या बाजूची भिंत उभी फाटली होती. तिला बाहेरून आधाराची दगडी भिंत द्यावी लागणार होती आणि बाहेर म्हणजे आमची जागा. अब्बांनी अप्पांना सांगितलं, "बांधा, ही जागा आता तुमची." दोन फूट रुंदीची भिंत घराच्या लांबीभर उभी राहिली. कागद झाला नाही. अप्पाही गेले, आता तिथे अक्का एकट्या राहतात.

माझ्या मनात आलं, अक्कांशी बोलावं. पत्रिकेवर जागा आमचीच आहे. भिंत काढा म्हणणार नाही, पण जागेचे पैसे तरी मागावेत. आपाला फोन केला. माझ्या दोन बहिणींचा त्या घरात वाटा आहे: माझा अर्धा, त्या दोघींचा पाव-पाव. आमच्याकडे बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याची रीत पडली आहे. ती आपण पाळायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. म्हणून मोठ्या तोऱ्यात आपाला म्हणालो, "तुमच्या वाट्याचं नुकसान होतंय, म्हणून विचारतोय."

आपा म्हणाली, "अब्बा जबान देको गए, अब अपन वापस लेते क्या? आणि भिंतीचं काय? ती ओल तुला माहीत नव्हती?"

मी गप्प झालो.

रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या मुलांना मी एक गोष्ट नेहमी सांगतो. हुजूर (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, तो आत ओला लागतो. व्यापारी म्हणतो, पाऊस लागला. मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस, असं ते विचारतात आणि फसवणारा आमच्यातला नाही, असं बजावतात. सहीह मुस्लिममधली ही हदीस. ती मुलांना सांगताना माझा आवाज चांगला चढतो. माझ्या ढिगावर मात्र मी रंग मारला होता. ज्याच्यावर मी चिडलो होतो, त्याने फक्त आत हात घातला होता.

दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर त्याने तो सांगायलाच हवा. म्हणजे शरीयत आणि कायदा इथे एकाच बाजूला होते, मी दुसऱ्या. दुसरी गोष्ट हिब्याची. देणाऱ्याने दिलं म्हणावं, घेणाऱ्याने स्वीकारावं आणि ताबा जावा, की मुस्लिम कायद्यात तोंडी बक्षीसही पूर्ण होतं. घेणारा मुसलमानच असावा अशी अट नाही. अब्बांचे ते शब्द नुसता शेजारधर्म नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

मग मी घेणाऱ्यांना घरी बोलावलं. आधीच सांगून टाकलं, "ओल जुनी आहे, रंग मी लावला. चूक माझी." जागेचे 2 लाख 80 हजार मी घासाघीस न करता मान्य केले. भिंतीसाठी मात्र गवंडी बोलावला आणि त्यांच्यासमोर गिलावा फोडायला लावला. न्हाणीघराचा जुना नळ आतून गळत होता. नळ बदलून, गिलावा नव्याने करून खर्च लाखाच्या आत बसेल, असं गवंड्याने सांगितलं. त्यांच्या इंजिनिअरनेही मान डोलावली. सौदा 34 लाख 20 हजारांवर मिटला. उठताना ते गृहस्थ म्हणाले, "सर, हे पहिल्याच दिवशी बोलला असता, तर मी इंजिनिअर आणलाही नसता." खरं असेल, नसेल. मला लागायचं ते लागलं.

खरेदीखतात जागा 82.6 चौरस मीटर लिहिली, पूर्वेची हद्द अक्कांची भिंत. अब्बांनी ती जागा देऊन टाकली होती, असं आम्ही तिघा भावंडांनी वेगळ्या कागदावर लिहून अक्कांच्या हाती दिलं. सिटी सर्व्हेत नोंदीसाठी तो उपयोगी पडेल. अक्कांनी कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "याची काय गरज होती? तुमच्या अब्बांनी सांगितलं होतं की."

वाटणीच्या वेळी मी म्हटलं, ओलीचा एक लाख माझ्या हिश्श्यातून जाऊ दे. आपाने नकार दिला. ओल अब्बांच्या काळापासूनची आहे, घर सगळ्यांचं तशी ओलही सगळ्यांची, म्हणाली. मला 17 लाख 10 हजार आले, त्या दोघींना 8 लाख 55 हजार प्रत्येकी.

मी खर्चाची यादी पुढे केली. वकिलांची फी, नकलांचा खर्च, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं आपाने मान्य केलं. शेवटच्या ओळीवर रंगाचे 2,200 होते. ते तिने पेनने खोडले.

"हे तुझे," म्हणाली.